घराजवळचे महाविद्यालय

(संस्थेच्या वर्धापनदिन सभेत, आपल्या परिचर्या विद्यालयाच्या माजी विद्यार्थिनी व सध्या अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात परिचारिका म्हणून कार्यरत असलेल्या भगिनींनी केलेले भाषण. श्रोत्यांच्या आग्रहावरून येथे संपूर्ण देत आहोत.)



ज्या सभागृहात सन १९८६ साली मी हातात पणती घेऊन सेवेची शपथ घेतली, त्याच सभागृहात आज मला पाहुणी म्हणून बोलावे लागत आहे, याचा संकोच वाटतो. या वास्तूत मी सतरा वर्षे काम केले. खालच्या मजल्यावरील स्त्री-कक्षाच्या खिडक्या आजही पश्चिमेच्या पावसात गळतात, हे काल पाहिले आणि फार बरे वाटले. विश्वस्तांनी माझे हे बोलणे मनावर घेऊ नये. दुरुस्ती अवश्य करावी.

आजच्या विषयाला निमित्त घडले ते गेल्या आठवड्यात. येथील एक ज्येष्ठ सिस्टर मला भेटावयास आल्या. त्यांच्या बंधूंनी फार वर्षांपूर्वी केलेला अर्ज आता मंजूर झाला असून त्या सहकुटुंब अमेरिकेस निघाल्या आहेत. मुलगी बारावी विज्ञान शाखेतून उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली आहे. बंधूंनी कळविले की मुलीला प्रथम ‘कम्युनिटी कॉलेज’मध्ये घालू. हे ऐकून सिस्टरांच्या घरात दोन दिवस कोणी धड जेवले नाही. ‘एवढे गुण मिळवून मुलीने दुय्यम ठिकाणी का जावे?’ असा त्यांचा प्रश्न होता. शिक्षण साहाय्य समितीच्या सदस्यांनी सुचविले की अशा आशयाचे प्रश्न आता वारंवार येतात, तेव्हा उत्तर सर्वांसमक्षच द्यावे. म्हणून हे भाषण.

आधी त्या शब्दाविषयी. ‘कम्युनिटी’ म्हटले की आपल्याकडे समाज, म्हणजे जात, असा अर्थ घेतला जातो. माझ्या मुलीने अशा महाविद्यालयात प्रवेश घेतला हे कळताच आमच्या एका वयोवृद्ध नातेवाइकांनी पत्राने विचारले होते, ‘कोणत्या समाजाचे कॉलेज? आपल्या लोकांना घेतात ना?’ वस्तुतः तेथे त्या शब्दाचा अर्थ गावकरी, परिसरातील लोक, एवढाच आहे. परिसरातील कोणीही यावे, माध्यमिक शिक्षण पूर्ण असले की प्रवेश मिळावा, शुल्क अल्प असावे आणि दोन वर्षांत एक पदवी हाती पडावी, अशी ही व्यवस्था. त्या पदवीला ‘असोसिएट’ पदवी म्हणतात. ती घेऊन नोकरीस लागता येते किंवा चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येते. या प्रकारचे सर्वांत जुने सार्वजनिक महाविद्यालय इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा संस्थांचे जाळे देशभर विणावे असे सुचविले आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले. न्यू जर्सीत त्यांना जिल्ह्याच्या नात्याने ‘काउंटी कॉलेज’ असेही म्हणतात.

आपल्या रुग्णालयाच्या कुटुंबाला या महाविद्यालयांची एक गोष्ट विशेष जवळची वाटावी. महायुद्धानंतर अमेरिकेत परिचारिकांची तीव्र टंचाई होती. मिल्ड्रेड माँटॅग या विदुषींनी १९५१ साली आपल्या प्रबंधात असा विचार मांडला की परिचारिकेचे शिक्षण रुग्णालयाच्या राबणुकीतून बाहेर काढून दोन वर्षांच्या महाविद्यालयात द्यावे. १९५२ पासून सात महाविद्यालये आणि एक रुग्णालयीन विद्यालय यांत हा प्रयोग झाला. तो इतका यशस्वी ठरला की आज दोन वर्षांची परिचर्या पदवी घेतलेली आणि चार वर्षांची पदवी घेतलेली, दोघीही परवान्यासाठी एकच परीक्षा देतात. मी ज्या कक्षात काम करते तेथे रात्री दोन वाजता रुग्णाचा श्वास अडला तर कोण कोणत्या महाविद्यालयातून आली हे कोणी विचारीत नाही. मात्र लगेच सांगते, पदोन्नतीच्या वेळी विचारतात. न्यू यॉर्क राज्याने तर २०१७ साली कायदाच केला की नव्या परिचारिकांनी दहा वर्षांच्या आत चार वर्षांची पदवी मिळवावी. आपल्या ए.एन.एम., जी.एन.एम. आणि पोस्ट बेसिक बी.एस्सी. या पायऱ्या ज्यांनी चढल्या आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. पायरीवर थांबणे वेगळे आणि पायरीवरून पुढे जाणे वेगळे.

आता आमच्या घरची हकिगत सांगते. ती सांगितल्याविना हा विषय नुसता माहितीपत्रकासारखा होईल.

आम्ही सन २००३ मध्ये गेलो. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊ वर्षांचा. माझे पती येथे सहकारी बँकेत अधिकारी होते. तेथे एका लहान कंपनीच्या हिशेब विभागात लागले. माझी कागदपत्रे तपासून होईपर्यंत मी एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम केले. १९८६ चे जी.एन.एम., सतरा वर्षांचा अनुभव, आणि काम अंथरुणे बदलण्याचे. त्याचे दुःख मी फार काळ बाळगले नाही, पण झाले नाही असे म्हणणार नाही. परवाना मिळाला २००६ मध्ये.

मुलगी अभ्यासात हुशार. २००८ च्या वसंतात तिला शेजारच्या राज्यातील एका खासगी विद्यापीठात जीवशास्त्रासाठी प्रवेश मिळाला. निवास, भोजन आणि शुल्क मिळून वर्षाला सुमारे ४२ हजार डॉलर. विद्यापीठाने १८ हजारांचे साहाय्य देऊ केले. उरलेले २४ हजार, तेही चार वर्षे, आम्ही कर्जाने उभे करावयाचे. त्याच मार्चमध्ये पतींची नोकरी गेली. प्रवेश निश्चित करण्याची तारीख १ मे होती.

त्या एप्रिल महिन्यात आमच्या स्वयंपाकघरातील टेबलावर रोज रात्री तेच कागद पसरलेले असत. पती म्हणत, ‘कर्ज काढू, फेडू. मुलीचे नशीब आपल्या नोकरीला का बांधायचे?’ मी म्हणे, ‘सही आपल्या दोघांची लागणार आहे, आणि पगार एकाचाच आहे.’ मुलगी काही बोलत नसे. एके रात्री ती खाली आली आणि म्हणाली, ‘आई, मी इथल्या काउंटी कॉलेजचा अर्ज भरला. दोन वर्षं घरून जाईन. पण गणपतीत मला कोणी विचारलं तर उत्तर तू द्यायचंस.’

गणपतीत विचारलेच. आपल्याकडे दहावीच्या निकालानंतर ‘कुठे लागला नंबर?’ असे विचारतात, तसेच तेथील मंडळातही विचारतात. त्या वर्षी इतरांची मुले मोठमोठ्या नावांच्या विद्यापीठांत गेलेली. मी उत्तर दिले, ‘जवळच.’ मुलीने ते ऐकले आणि घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिला ठिकाणाची लाज नव्हती, माझ्या उत्तराची लाज वाटली. आज सिस्टरांच्या घरात जे चालले आहे ते मला ओळखीचे आहे, ते यामुळे.

आता निर्णयाच्या आतील गोष्टी. पहिली गोष्ट पैशाची. २०२४-२५ या वर्षी अमेरिकेत सार्वजनिक दोन-वर्षीय महाविद्यालयाचे सरासरी वार्षिक शुल्क सुमारे ४,०५० डॉलर होते, राज्यातील रहिवाशांसाठी सार्वजनिक चार-वर्षीय संस्थेचे ११,६०० च्या आसपास, आणि खासगी संस्थेचे ४३ हजारांच्या वर. यात राहण्याजेवण्याचा खर्च धरलेला नाही. आकडे पाहिले की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. तो तसा सुटत नाही, कारण छापलेले शुल्क आणि प्रत्यक्ष भरावयाची रक्कम यांत पुष्कळ अंतर असते. माझ्या मुलाच्या वेळी, २०१२ साली, आम्ही हे शिकलो. तोपर्यंत प्रत्येक संस्थेने संकेतस्थळावर अंदाजी निव्वळ खर्च काढून देणारे साधन ठेवावे असा नियम झाला होता. मुलाला अभियांत्रिकी हवी होती. आमचे उत्पन्न त्यात भरले तेव्हा एका चार-वर्षीय विद्यापीठाचा खर्च, अनुदाने वजा जाता, आमच्या आवाक्यात आला. शिवाय अभियांत्रिकीचे विषय एकावर एक रचलेले असतात. मधली एक वीट दुसऱ्या भट्टीची लागली तर वर्ष वाया जाते. तेव्हा तो थेट तेथेच गेला. एकाच घरातील दोन मुलांसाठी आम्ही दोन उलट निर्णय घेतले आणि दोन्ही योग्यच होते असे मला आजही वाटते.

आणखी एक गोष्ट आम्हांला २००८ मध्ये ठाऊक नव्हती. घरातील कमावत्याची नोकरी गेली, आजारपण आले, तर विद्यापीठाच्या अर्थसाहाय्य कार्यालयाला तसे पुराव्यासह लिहून साहाय्याचा फेरविचार मागता येतो. आम्ही लिहिलेच नाही. मागणे आपल्या स्वभावात नाही आणि विचारणे कमीपणाचे वाटते. तो अर्ज केला असता तर कदाचित निर्णय वेगळा झाला असता. रुग्णांचे जे नातेवाईक आज येथे बसले आहेत त्यांना मी नेहमी सांगत असे, बिलाच्या खिडकीशी उभे राहून रडू नका, समाजसेवा विभागात जाऊन अर्ज करा. तेच मला स्वतःला सुचले नाही.

दुसरी गोष्ट पुढे जाण्याची, आणि खरा धोका येथेच आहे. या महाविद्यालयांत प्रवेश घेणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांची इच्छा पुढे चार वर्षांची पदवी घेण्याची असते. प्रत्यक्षात सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थीच चार-वर्षीय संस्थेत पोहोचतात आणि सहा वर्षांत पदवी हाती पडते ती शंभरांतील सोळांच्या आसपास. हे ऐकून कोणी म्हणेल की मग तेथे जाऊच नये. पण ते विद्यार्थी कोण असतात? दिवसा दुकानात काम करणारे, लहान मूल शेजारी ठेवून येणारे, एका सत्रात एकच विषय घेणारे. आमच्या अतिदक्षता विभागात मृत्यू अधिक होतात म्हणून अतिदक्षता विभाग वाईट, असे आपण म्हणत नाही. तरीही संख्या खोटी नाही. विद्यार्थ्याची परिस्थिती हे एक कारण झाले. व्यवस्थेतील गळती हे दुसरे.

त्या गळतीचे स्वरूप माझ्या मुलीच्या उदाहरणाने सांगते. न्यू जर्सीने २००७ साली कायदा केला आणि २००८ मध्ये राज्यव्यापी करार झाला की काउंटी कॉलेजची ए.ए. किंवा ए.एस. पदवी पूर्ण केली तर राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठात ती दोन वर्षे पूर्णपणे धरली जातील. आम्ही निर्धास्त झालो. यातील बारीक अक्षरे वाचली नाहीत. ए.ए.एस. नावाची तिसरी पदवी थेट नोकरीसाठी असते, ती या करारात येत नाही. पदवी अर्धवट सोडून गेलात तर हमी उरत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गुणांक स्वीकारले जाणे आणि ते तुमच्या मुख्य विषयासाठी उपयोगी पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुलगी संध्याकाळी एका औषधाच्या दुकानात काम करीत असे. वेळ जुळावी म्हणून तिने रसायनशास्त्राचा जो वर्ग घेतला तो विज्ञानेतर विद्यार्थ्यांसाठी होता. समुपदेशकांनी मान डोलावली, कोणी अडविले नाही. २०१० मध्ये ती राज्य विद्यापीठात गेली तेव्हा ते गुणांक जमेस धरले, पण ‘ऐच्छिक’ म्हणून. जीवशास्त्रासाठी रसायन पुन्हा पहिल्यापासून. आणि त्यावर अवलंबून असलेले सेंद्रिय रसायन एक वर्ष पुढे गेले. चार वर्षांचे पाच झाले. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली दिलेल्या अहवालात, २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांनी सरासरी ४३ टक्के गुणांक गमावले, असा अंदाज दिला आहे. तो वाचताना मला आमच्या घरातील ते वर्ष आठवले.

विद्यापीठातील पहिले सत्रही कठीण गेले. तीस जणांच्या वर्गातून ती तीनशे जणांच्या सभागृहात गेली होती. इतरांच्या ओळखी दोन वर्षांपूर्वीच झालेल्या. गुण घसरले. एका रविवारी ती म्हणाली, ‘मी इथे पाहुणी आहे.’ मी तिला समजाविले नाही, कारण वृद्धाश्रमातील माझे पहिले वर्ष मला आठवत होते आणि समजाविण्याजोगे त्यात काही नव्हते. मी डबा भरून नेत असे. दुसऱ्या सत्रात ती सावरली. २०१३ मध्ये पदवी घेतली. आज ती एका जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागात आहे. पाच वर्षांचे तिचे सारे कर्ज त्या खासगी विद्यापीठाच्या एका वर्षाच्या उणिवेइतके, म्हणजे २४ हजारांच्या आसपास झाले.

त्या महाविद्यालयाने दिलेली एक गोष्ट मात्र हिशेबात बसत नाही. २००९ च्या शरद सत्रात मीही तेथे नाव घातले. पुढील परिचर्या पदवीसाठी मला इंग्रजी निबंधलेखनाचा विषय हवा होता. बुधवारी संध्याकाळी माझा वर्ग, त्याच वेळी तिची जीवशास्त्राची प्रयोगशाळा. माझ्या एका बाजूस साठीचा निवृत्त बसचालक बसे, दुसऱ्या बाजूस इराकहून परतलेला तरुण सैनिक. वर्ग सुटला की उपाहारगृहात आम्ही दोघी घरून आणलेली पोळी-भाजी खात असू. तिला प्रथम संकोच वाटे, पुढे ती मैत्रिणींना घेऊन येऊ लागली. माझा पहिला निबंध बावन्न चुकांनी लाल होऊन परत आला, तो तिने जपून ठेवला आहे. तिच्या मते ते आमच्या घरातील सर्वांत मौल्यवान कागदपत्र आहे.

देणगीदारांसाठी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. न्यू यॉर्क शहराच्या विद्यापीठाने २००७ साली एक योजना सुरू केली. विद्यार्थ्याने पूर्ण वेळ शिकावे एवढी अट. बदल्यात शुल्कातील तूट भरून दिली, पुस्तके दिली, भुयारी रेल्वेचा पास दिला आणि प्रत्येकाला नियमाने भेटणारा एक समुपदेशक नेमून दिला. चिठ्ठ्या टाकावयाच्या पद्धतीने दोन गट करून तिचा अभ्यास झाला. योजनेतील ४० टक्के विद्यार्थ्यांनी तीन वर्षांत पदवी मिळविली, योजनेबाहेरील २२ टक्क्यांनी. रेल्वेचा पास! आपल्या साहाय्य समितीकडे मुलींच्या एस.टी. पासचे जे अर्ज येतात ते किरकोळ समजून शेवटी ठेवले जातात, असे मला कळले. ते प्रथम घ्यावेत अशी विनंती आहे.

आता त्या सिस्टरांच्या प्रश्नाकडे वळते. स्थायी रहिवासी म्हणून जाणाऱ्या कुटुंबातील मुलीला केंद्र सरकारच्या शिक्षण अनुदानासाठी अर्ज करता येतो. केवळ विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांना तो मिळत नाही, त्यांचे गणित निराळे. राज्याचे रहिवासी ठरण्यास सामान्यतः बारा महिन्यांचे वास्तव्य लागते. म्हणजे पहिल्या वर्षी मोठ्या विद्यापीठात घातले तर परराज्यीय दराने शुल्क पडेल. आई नव्या परवान्याच्या प्रयत्नात, वडिलांना नोकरी नाही, भाषा कानावर बसावयाची आहे, अशा घरातील मुलीने पहिली दोन वर्षे घराजवळच्या महाविद्यालयात काढावीत, असेच माझे मत आहे. तिच्या मामांचे बरोबर आहे. पण मामांनी एक सांगितले नाही, ते मी सांगते. प्रवेश घेण्याच्या आधीच, पुढे ज्या विद्यापीठात जावयाचे आहे त्याचे नाव कागदावर लिहावे. त्या विद्यापीठातील तिच्या विषयाच्या विभागाला पत्र पाठवून विचारावे की या महाविद्यालयातील कोणते वर्ग तुम्ही मुख्य विषयासाठी धरता. तोंडी उत्तरावर विसंबू नये, लेखी घ्यावे. गणित आणि इंग्रजीच्या चाचणीची तयारी विमानात बसण्यापूर्वी करावी, कारण चाचणीत कमी पडले तर पायाभूत वर्ग घ्यावे लागू शकतात; त्यांचे शुल्क पडते आणि गुणांक पदवीत मोजत नाहीत. परिचर्या हवी असेल तर हेही ध्यानात ठेवावे की महाविद्यालयाचे दार सर्वांना उघडे असले तरी परिचर्या विभागाचे तसे नसते. शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र यांत उत्तम गुण मिळवूनही अनेकींना थांबावे लागते.

आणि कोणी विचारले तर महाविद्यालयाचे नाव पूर्ण सांगावे. ‘जवळच’ म्हणू नये.

एक काम येथेच करून घ्यावयाचे आहे. तेथील महाविद्यालये गोवर, गालगुंड, रुबेला आणि कावीळ-ब यांच्या लसीकरणाचा पुरावा मागतात. तो नसेल तर लस पुन्हा घ्यावी लागते किंवा रक्ततपासणी करावी लागते. सिस्टरांची मुलगी याच रुग्णालयात जन्मली, तिच्या लसी येथेच टोचल्या गेल्या. नोंदवह्या तळमजल्यावरील अभिलेख कक्षात आहेत. मी काल जाऊन विचारले. तेथील भाऊंनी सोमवारी सकाळी दहाला यावयास सांगितले आहे.